पानिपतनंतर पंधरा वर्षांनी उगवलेल्या 'भाऊसाहेबां'ना लोकांनी खरं मानलंच कसं?

घाटवाट_पायवाट

मंडळी, तोतयाचं बंड म्हणून शाळेत चार ओळी वाचल्या होत्या, त्यापलीकडे कधी गेलो नाही. मध्यंतरी राजमाचीला जाऊन आलो आणि घरी येऊन जुनं गॅझेटियर चाळत बसलो तर त्यात सरळ लिहिलंय की १७७६ च्या ऑक्टोबरात हा गडी बोरघाट चढून राजमाचीपर्यंत आला होता, कोकणातला बराचसा मुलूख तेव्हा त्याच्या हातात होता. बरोबर वीसेक हजार माणूस होतं म्हणतात. मी आत्तापर्यंत समजत होतो की कुणीतरी बैरागी कुठल्या तरी देवळात बसून 'मीच भाऊ' म्हणाला असेल, चार भोळे लोक पाया पडले असतील, संपला विषय. हे तर पुण्याच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं प्रकरण निघालं.

आता माझी अडचण. सदाशिवराव भाऊ म्हणजे कुणी आडगावचा कुलकर्णी नव्हे. चिमाजी अप्पांचा मुलगा, उदगीर जिंकलेला, पेशव्यांचा अख्खा कारभार बघणारा माणूस. पुण्यात त्यांना रोज बघणारे शेकड्यांनी असतील, आणि त्यातले कितीतरी १७७६ मध्ये जिवंत होते. समोर आलेला कोण, तर बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण, कुणी सुखलाल म्हणतं कुणी सुखनिधान. चेहरा मिळताजुळता होता हे सगळेच सांगतात, ते मान्य. पण नुसत्या चेहऱ्यावर वीस हजार माणूस?? बोलणं, चालणं, घरातल्या गोष्टी, सोवळंओवळं, मोडी लिहिण्याची ढब, यातलं कुणी काहीच तपासलं नाही का? माहितगारांनी जरा समजावून सांगा प्लीज. पानिपत कोणामुळे हरलो हा वाद इथं नको, त्यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत.

शनवारातला_बोका

सुरुवात १७७६ पासून करू नका, १७६१ पासून करा, मग अर्धं कोडं तिथंच सुटतं.

१४ जानेवारीला दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले, त्यानंतर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. रिकामी अंबारी बघून फौजेत हाय खाल्ली गेली वगैरे सगळ्यांना माहीत आहे. पण तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं हे की भाऊ पडताना बघितलेला आणि ते पुण्यात येऊन छातीठोकपणे सांगणारा माणूस जवळजवळ कुणी उरलाच नाही. जे परत आले ते त्याआधीच निघालेले. विश्वासरावांचं तसं नाही, त्यांचा देह अब्दालीच्या छावणीत सगळ्यांनी बघितला होता. भाऊंचं एक बिनमुंडक्याचं धड नंतर प्रेतांच्या ढिगात सापडलं, सुजाउद्दौल्याच्या पदरच्या दक्षिणी लोकांनी अंगावरच्या खुणांवरून ओळख पटवली, शिर वेगळं मिळालं, आणि अंत्यसंस्कार झाले. काशीराज पंडित त्या ओळख पटवण्यात होता, त्यानं स्वतः हे लिहून ठेवलंय. म्हणजे पुरावा होता. पण तो कुठं? शत्रूच्या गोटात नोकरीला असलेल्या माणसांच्या तोंडात. पुण्यात बसलेल्याला तो पटायला पाहिजे असं काही बंधन नव्हतं.

आणि पुण्यात सगळ्यात आधी न पटणारं माणूस कोण, तर पार्वतीबाई. भाऊंच्या पत्नी. त्या स्वतः पानिपतावर होत्या, कशाबशा परत आल्या. त्यांनी नवरा गेला हे मानलंच नाही, कुंकू पुसलं नाही, १७८३ मध्ये वारल्या तोपर्यंत सवाष्णीसारख्या राहिल्या. पेशव्यांच्या घरात. आता तुम्ही रत्नागिरीकडच्या एखाद्या गढीवरचे शिबंदीचे शिपाई आहात असं धरा. तुमच्या कानावर येतंय की खुद्द वाड्यात बाईसाहेब कुंकू लावून बसल्यात. मग भाऊ मेले असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणणार? वाड्यानंच पंधरा वर्षं ती जागा रिकामी ठेवली होती, त्यात कुणीतरी येऊन बसणारच होतं.

एकटा हाच नव्हता हेही लक्षात घ्या. जनकोजी शिंद्यांचाही तोतया निघाला होता. पानिपतावर ज्याचं प्रेत घरच्यांनी बघितलं नाही अशा प्रत्येक मोठ्या माणसाच्या बाबतीत ही भीती होती.

कोकणातला_उनाड

बोकोबा, तुमचं सगळं बरोबर पण मला मुळात 'विश्वास ठेवला' हेच पटत नाही. कोणी ठेवला विश्वास? शिपाईगडी पगार बघतो. नारायणराव पेशव्याचा १७७३ ला भर वाड्यात खून झाला, काका राघोबा इंग्रजांच्या पंखाखाली जाऊन बसले, पुण्याच्या गादीवर दोन वर्षांचं पोर आणि त्याच्या नावानं कारभार करणारे बारभाई. असल्या दिवसांत ज्याला पुण्याचा राग आहे त्याला एक नाव हवं होतं ज्याच्या आडून उठता येईल. नुसतं 'मी रामचंद्र नाईक परांजपे, मी पुण्याविरुद्ध उठलो' म्हटलं तर ती झाली फितुरी, डोकं जाणार. 'मी भाऊसाहेबांचा चाकर, धन्याचं काम करतोय' म्हटलं की उलट पुणंच चोर ठरतं.

हा परांजपे म्हणजे रत्नागिरीचा सुभेदार बरं का, ज्याच्या ताब्यात हा तोतया कैदेत होता. ज्याला कोंडून ठेवायचं त्यालाच त्यानं १७७६ च्या सुरुवातीला बाहेर काढून धनी केलं. आता हा सुभेदार भोळा होता असं मला कुणी सांगू नये. जो रोज कैद्याचा शिधा मोजून देतो त्याला तो कोण आहे हे सगळ्यात चांगलं माहीत असतं.

त्यामुळे बोली, मोडी, सोवळंओवळं कुणी तपासलं नाही का, तर तपासून करायचं काय होतं? खरा निघाला तर ठीक, खोटा निघाला तर आपलीच मान. न तपासण्यात सगळ्यांचा फायदा.

शनवारातला_बोका

@कोकणातला_उनाड वरच्या लोकांपुरतं मान्य, सुभेदार आणि किल्लेदार हिशेबानंच गेले असतील. पण नुसत्या हिशेबावर एवढा मुलूख काही महिन्यांत हातात येत नाही. गावोगावचे साधे लोक सामील झाले त्यात भाबडेपणाही होता. पानिपतात घराघरातला माणूस गेलेला. ज्याचा भाऊ, बाप, दीर परत आला नाही आणि प्रेतही दिसलं नाही त्याला 'भाऊसाहेब परत आले' याचा अर्थ 'मग आमचाही येईल कदाचित' असा लागतो. तो माणूस चौकशी करायला जात नाही हो, तो दर्शनाला जातो.

वकीलबाई_नाशिक

छान चाललीय चर्चा. थोडं माझ्या धंद्यातलं सांगते, कारण हा प्रश्न कोर्टात अजून येतो, फक्त घोडे आणि किल्ले नसतात.

माणूस बेपत्ता झाला तर तो मेला असं कधी धरायचं? आपल्याकडे पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, ज्यांना त्याची खबर यायलाच हवी होती अशा लोकांना सात वर्षं खबर नसेल तर जो म्हणतो तो जिवंत आहे त्यानं ते सिद्ध करायचं. २०२४ पासून नवीन कायदा आलाय पण हे सूत्र तसंच ठेवलंय. अशी रेघ का मारावी लागते ते पार्वतीबाईंवरूनच कळतं. रेघ नसली की बायको ना विधवा ना सवाष्ण, मालमत्ता ना याची ना त्याची, आणि त्या मधल्या अवस्थेत कुणीही दार वाजवू शकतो. अर्थात सात वर्षांनंतरही माणूस आला आणि त्यानं सिद्ध केलं तर तो जिवंतच, कायदा त्याला परत मारत नाही 😀

आता दोन खटले सांगते, दोन्ही वाचण्यासारखे आहेत. इंग्लंडमध्ये टिचबोर्न नावाचं श्रीमंत घराणं, त्यांचा मुलगा रॉजर १८५४ मध्ये जहाजाबरोबर बुडाला. आई मानायला तयार नाही (इथंही बाईच), तिनं पार ऑस्ट्रेलियातल्या पेपरात जाहिराती दिल्या. तिकडच्या वागावागा गावातला एक खाटीक उभा राहिला, मीच रॉजर. मूळ रॉजर फ्रान्समध्ये वाढलेला, फ्रेंच त्याच्या तोंडात बसलेली, अंगानं काटकुळा. हा खाटीक चांगला आडवातिडवा आणि फ्रेंचचा एक शब्द येत नाही. तरी आईनं पॅरिसमध्ये त्याला बघितलं आणि हाच माझा मुलगा म्हणून कबूल केलं! म्हणजे घाटवाट, तुम्ही म्हणताय ना बोलीचालीवरून ओळखलं का नाही, तर जन्मदात्या आईला ओळखायचंच असेल तर भाषा विसरलेली चालते, वजन वाढलेलं चालतं, सगळं चालतं. आई वारल्यावर बाकीचे नातेवाईक कोर्टात भिडले, तो हरला आणि १८७४ मध्ये खोट्या साक्षीबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झाली. गंमत म्हणजे इंग्लंडातले हजारो गरीब लोक शेवटपर्यंत त्याच्या बाजूनं होते, वर्गणी काढून खटला लढवत होते, कारण त्यांना दिसत होतं ते एवढंच की बड्या घरचे लोक एका माणसाचा हक्क मारतायत.

दुसरा आपल्या इथला, बंगालमधला भवाल संन्यासी. ढाक्याजवळच्या भवाल जमीनदारीचा मधला कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला मेला, जाळलाही म्हणतात. १९२१ मध्ये ढाक्याला अंगाला राख फासलेला एक साधू येतो आणि बहीण म्हणते हा माझा भाऊ. बायको म्हणते अजिबात नाही. इथं उलटं बघा, बायको नाही म्हणतेय. दावा चालला, शेकड्यांनी साक्षीदार झाले, अंगावरचे डाग, पायाची खरखरीत कातडी, जखमांचे व्रण सगळं तपासलं, आणि १९३६ मध्ये न्यायाधीश पन्नालाल बसूंनी निकाल दिला की हा खराच कुमार आहे. हायकोर्टात टिकला, १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्येही टिकला. निकाल लागला आणि काही दिवसांतच तो गेला.

म्हणून कुणी 'मेलेला माणूस परत आला' म्हटलं की ठकच असणार असंही नाही. म्हणूनच तर लोक फसतात.

निवृत्त_हेडक्लार्क

वरचं सगळं वाचलं. विषय इतिहासाचा आहे पण राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना सकाळी देवळातून येताना दोघांनी अडवलं, साधे कपडे, केस बारीक कापलेले, म्हणाले आम्ही पोलीस आहोत, पुढे चोऱ्या होतायत, आजी तुम्ही एवढे दागिने घालून कशा फिरता, काढा आणि रुमालात बांधून पर्समध्ये ठेवा, आम्ही बांधून देतो. दिले बांधून. घरी येऊन उघडलं तर आत खडे. काकू शिकलेल्या आहेत, शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अख्ख्या गावाला धाकात ठेवलेलं. त्यांना विचारलं ओळखपत्र का नाही मागितलं, तर म्हणाल्या अहो तो मला रागावत होता, रागावणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र कसं मागायचं.

हे वाक्य मी विसरू शकत नाही. तोतया नम्रपणे येत नाही, तो येतो तेव्हा तुम्हीच आरोपी असता. आता ते व्हिडिओ कॉलवर डिजिटल अरेस्ट करतात तेही तसंच, समोर खाकी कपडे, मागे कसलं तरी चिन्ह, आणि तुमच्या नावावर पार्सल सापडलंय म्हणून दम. घाटवाट साहेबांच्या प्रश्नात हे बसतं का बघा. एखादा किल्लेदार गडाचा दरवाजा लावून उभा आहे आणि खालून निरोप येतो की भाऊसाहेब स्वतः आलेत, दार उघडत नाहीस तर तू हरामखोर. अशा वेळी 'आधी खुणा दाखवा' म्हणायला किती जणांची जीभ उचलेल?

कोकणातला_उनाड

काका, काकूंचं ऐकून वाईट वाटलं, पण मुद्दा एक नंबर.

घाटवाट_पायवाट

वा, अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं, सगळ्यांचे आभार. हेडक्लार्क काका, तुमचं उदाहरण बरोबर बसतंय.

पण आता दुसरा प्रश्न पडला. उनाड म्हणतायत तो रत्नागिरीत कैदेत होता. म्हणजे हा आधीच पकडला गेलेला, आधीच खोटा ठरलेला माणूस? मग माधवराव पेशव्यांनी त्याला तेव्हाच का नाही संपवला? माधवराव काही मऊ माणूस नव्हता.

शनवारातला_बोका

हो, माधवरावांच्या काळातच तो धरला गेला, चौकशी झाली, खोटा ठरला, आणि मग या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर करत शेवटी रत्नागिरीला. मारला का नाही याचं माझं मत सांगतो, मत आहे हां, कागद मागू नका. एक तर ब्राह्मण, त्याला देहदंड देणं तेव्हा सोपं नव्हतं. पण त्याहून मोठं कारण पार्वतीबाई घरात होत्या. काकू कुंकू लावून बसलेल्या असताना पुतण्यानं 'भाऊ' म्हणवणाऱ्या माणसाला ठार मारलं तर लोक काय म्हणतील? खरा होता म्हणून मारला, दुसरं काय. गादीच्या वाटेत येत होता म्हणून. माधवरावांना हे कळत असणार. कैदेत असला की निदान दाखवता येतो, मेला की तो कायमचा भाऊ झाला.

आणि नेमकी हीच अडचण नंतर नाना फडणवीसांची. नाना स्वतः पानिपतावर होते, तेव्हा एकोणिसाव्या वर्षात, भाऊंनी त्यांना पोरासारखं जवळ ठेवलेलं, आई त्या पळापळीत गेली. म्हणजे भाऊंचा चेहरा नानांइतका जवळून बघितलेला कारभारी दुसरा शोधावा लागेल. पण 'हा खोटा आहे' असं नाना म्हणाले तर त्याला किंमत काय? भाऊ खरंच परत आले असते तर बारभाईंचा कारभार त्याच दिवशी बुडाला असता. ज्याचं सगळं जाणार तोच साक्षीदार. कोकणातला माणूस म्हणणार, नाना दुसरं काय बोलेल?

म्हणून शेवट बघा कसा केला. राजमाचीला पोचल्यावर पुण्याच्या कारभाऱ्यांनी त्याच्याशी बोलणी लावली, आम्ही शरण येतो म्हणून झुलवत ठेवला, आणि तो त्यात रमला असताना महादजी शिंदे आणि भिवराव पानसे फौज घेऊन तुटून पडले. तो खाली कोकणात पळाला. मुंबईला इंग्रजांकडे जायचा बेत होता, पण कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी वाटेत धरला. आंग्र्यांनी तिथंच मान उडवली असती तर कुणी विचारलं नसतं, लढाईत मेला म्हणाले असते. तसं केलं नाही. जिवंत पुण्याला आणला, पुन्हा चौकशी, भाऊसाहेबांना ओळखणाऱ्यांच्या समोर, आणि मग १७७६ च्या डिसेंबरात देहदंड. एवढी यातायात कशाला? पानिपतावर जी चूक झाली होती, प्रेत लोकांनी बघितलंच नाही ही, ती दुसऱ्यांदा होऊ द्यायची नव्हती.

वकीलबाई_नाशिक

बोका, म्हणजे नानांनी पुरावा गोळा केला असं म्हणा की. मला पटलं. माधवरावांच्या चौकशीत आणि या चौकशीत फरक एवढाच दिसतो की पहिल्या वेळी निकाल लागला, पण तो बघणारे लोक फार थोडे होते.

दिल्लीकर_मामा

मी पंचवीसेक वर्षं इकडे हरियाणा-दिल्लीकडे आहे म्हणून भर घालतो. रोहतकजवळ सांघी म्हणून गाव आहे, तिथं एक डेरा आहे. तिथले लोक सांगतात की भाऊ पानिपतातून जखमी होऊन तिथं आले, गावानं लपवलं, मग ते नाथपंथी झाले आणि तिथंच समाधी घेतली. मराठी मंडळी पानिपतला येतात तेव्हा काही जण मुद्दाम तिकडे जातात, लोक प्रेमानं चहा पाजतात. आता तुमच्या काशीराजाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मी फक्त ऐकलेलं सांगितलं 🙏

कोकणातला_उनाड

मामा, हे भारी आहे. म्हणजे कोकणात आला तो मुलूख मागायला लागला म्हणून त्याला मारला, आणि रोहतकचा काही मागत नाही म्हणून त्याचा डेरा झाला.

शनवारातला_बोका

दंतकथा म्हणून गोड आहे, मामा. पण जगले वाचले असते तर पार्वतीबाई आणखी बावीस वर्षं वाट बघत होत्या आणि बावीस वर्षांत एक चिठ्ठी आली नाही, हे मला भाऊसाहेबांच्या स्वभावात बसत नाही. उदगीरचा हिशेबी माणूस तो.

घाटवाट_पायवाट

सांघीचं मला नवीनच. मामा, डेऱ्यात कधीही जाता येतं का, की काही ठरावीक दिवस आहे? जानेवारीत आम्ही चौघं संक्रांतीला पानिपतला जायचं ठरवतोय, रेल्वेचं रिझर्व्हेशन आत्ताच करून टाकतो.

दिल्लीकर_मामा

कधीही या. जानेवारीत सकाळी धुकं इतकं असतं की गाडी हळू चालवावी लागते, त्यामुळे दुपार धरून निघा. आणि तिथं जाऊन काशीराज पंडिताचं नाव काढू नका, चहा मिळायचा नाही.